लिव्हरची गाठ आणि मी लपवलेले चार दिवस

दोन बोटं आत

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. बावीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. एखादी बाई ‘शुभाताई, हा जरा सैल होतोय’ म्हणाली की ती डाएट करतेय की आजारातून उठलीय, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. पण स्वतःचे ब्लाउज दोन-दोन बोटं आत घेतले, एकदा नाही, दोनदा, तेव्हा मला काही कळलं नाही. उलट बरंच वाटलं. पन्नाशीनंतर फुकटात बारीक व्हायला कुणाला नको असतं?

उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. दिवसभर मशीनवर वाकून बसते, त्यामुळे असेल असं मीच ठरवून टाकलं. जेवताना चार घासांत पोट भरायचं. शेवटी माझी मुलगी मृणाल मला जवळजवळ ओढतच सोनोग्राफीला घेऊन गेली. ती पवईला नोकरी करते. त्या दिवशी तिने अर्धी सुट्टी टाकली होती.

सोनोग्राफीचे डॉक्टर माझ्या पोटावर यंत्र फिरवता फिरवता असिस्टंटशी क्रिकेटच्या गप्पा मारत होते. मधेच गप्पा थांबल्या. यंत्र एकाच जागेवर पुढे-मागे होत राहिलं.

“श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. परत एकदा.”

मग त्यांनी पोट पुसायला टिश्यू दिला आणि विचारलं, “तुमच्याबरोबर कोण आलंय?”

हा प्रश्न आला की पुढचं कुणी सांगायची गरज नसते.

“ही तर थेंबही घेत नाही”

पुढच्या दहा दिवसांत रक्त, सीटी स्कॅन, पुन्हा रक्त. मग एका मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो. मी, मृणाल आणि माझा नवरा दिनेश. दिनेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. बंद पडलेल्या लिफ्टमधून घाबरलेली माणसं बाहेर काढणं हा त्यांच्यासाठी रोजचा मामला. त्या दिवशी मात्र त्यांचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. त्यांनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही. “लिव्हरमध्ये गाठ आहे. कॅन्सरची आहे. आणि तिचा एक फाटा लिव्हरच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरलाय, म्हणून ऑपरेशन करता येणार नाही.”

“पण मॅडम,” दिनेश म्हणाले, “ही तर थेंबही घेत नाही हो!”

लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते. आम्हालाही तीच आठवली. मॅडमनी समजावलं की माझ्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू सापडलाय. बहुतेक जन्माच्या वेळीच आईकडून आला असणार. इतकी वर्षं काही त्रास न देता तो आत बसून होता. “तुमच्या आईची, भावंडांची, मुलीची, सगळ्यांची रक्ततपासणी करा. लगेच.”

मी मृणालकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. कॅन्सर ऐकून मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्या तीन दिवसांत घाबरले. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज मी उलटा कापला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मृणालचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. लहानपणी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिला लस दिली होती, कशाची ते मी तेव्हा विचारलंही नव्हतं. दिनेशही निगेटिव्ह. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले.

कावीळ

राहिले दोघं. माझा धाकटा भाऊ संतोष आणि आई. आई संतोषकडे चेंबूरला राहते. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं अजून मालवणी आणि कान तिखट.

मी संतोषला फोन केला. सगळं सांगितलं.

“ताई, मला काही होत नाही गं. मी एकदम फिट आहे.”

“मीही फिटच होते रे.”

“आणि आईचं रक्त काढायचं तर तिला कारण सांगावं लागणार. तिच्यामुळे तुला झालं हे कळलं तर ती संपेल. नको ना यार. तू आधी बरी हो, मग बघू.”

तो माझ्यासाठी बोलतोय की स्वतःच्या भीतीने, हे मला तेव्हा कळलं नाही. मी हो म्हणाले. आईला सांगायचं ठरलं, शुभाला कावीळ झालीय.

दिनेशनी बिल्डिंगमध्येही तीच कावीळ सांगून टाकली. मला ते आवडलं नाही. आमच्यात त्यावरून मोठं भांडण झालं. “मी काय चोरी केलीय?” मी ओरडले. ते म्हणाले, “तुला माहीत नाही लोक कसे असतात.” दुर्दैवाने त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कुणाकडून तरी हेपटायटिसचं नाव फुटलं आणि माझी एक जुनी गिऱ्हाईक येऊन न शिवलेली चार ब्लाउजपिसं परत घेऊन गेली. पिशवी तिने दोन बोटांत धरली होती. हा आजार कपड्यांवरून, हातावरून, एका ताटात जेवून पसरत नाही. हे मी तिला सांगू शकले असते. पण मी नुसती पिसं मोजून तिच्या पिशवीत घातली.

पहारेकरी

उपचाराचं मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. दोन गोष्टी एकत्र करायच्या. एक, किरणं, म्हणजे रेडिएशन, थेट गाठीवर. दुसरी, इम्युनोथेरपी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध.

“आपल्या शरीरात पहारेकरी असतात,” त्या म्हणाल्या. “गाठ त्यांना चकवून बसलेली असते. सलाईनचं औषध पहारेकऱ्यांना जागं करतं. किरणांनी गाठ फुटायला लागली की तिचे तुकडे त्यांच्या नजरेला पडतात, ओळख पटते. म्हणून दोन्ही बरोबर करून बघायचं.”

“बघायचं म्हणजे?” मृणालने विचारलं.

“म्हणजे सगळ्यांना लागू पडतं असं मी सांगणार नाही. तुमच्या मम्मीसाठी आज माझ्याकडे हा सगळ्यात चांगला रस्ता आहे, एवढं सांगते.”

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आणि एक. जागे झालेले पहारेकरी कधीकधी घरच्यांवरच काठ्या चालवतात. आतड्यांवर, फुप्फुसांवर, कुठेही. जुलाब, धाप, पुरळ, काहीही झालं तरी त्याच दिवशी फोन करायचा. त्याच दिवशी. कळलं?”

मी मान हलवली. मृणालने तो फोन नंबर फ्रिजवर चिकटवला.

खर्चाबद्दल इथे लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. फक्त एवढंच सांगते, की हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची पायरी पहिल्याच दिवशी चढा. लाज बाळगू नका.

पहिलं सलाईन अगदी साधं गेलं. आरामखुर्चीत बसायचं, सुई टोचायची, थेंब मोजायचे. मी सुईदोरा नेला होता, ब्लाउजला हुक लावत बसले. नर्स हसली. हाताला सुई असताना हातात सुई असलेली बाई तिने बघितली नव्हती.

श्वास घ्या, सोडा, धरा

पहिल्या आणि दुसऱ्या सलाईनच्या मधल्या दिवसांत रेडिएशन झालं. एक दिवसाआड, पाच वेळा.

त्याआधी एक दिवस फक्त मापं घ्यायला बोलावलं. मला एका गादीवर झोपवलं, आतली हवा खेचून घेतली आणि ती गादी माझ्या पाठीच्या आकाराची कडक झाली. रेश्मा नावाची टेक्निशियन माझ्या पोटावर मार्करने रेघा मारू लागली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या अंगावर टेप धरली, खडूने खुणा केल्या. आता मी कापड होते.

“ताई, या रेघा पुसू द्यायच्या नाहीत हां. साबण लावायचा नाही.”

“कापायच्या आधी खूण पुसली तर काय होतं ते मला माहीत आहे,” मी म्हटलं. ती खळखळून हसली. पुढच्या पाचही वेळी तिचा आवाज हाच माझा आधार होता.

कारण त्या खोलीत आपण एकटे असतो. जाड दार बंद होतं, सगळे बाहेर जातात. श्वास घेतला की लिव्हर खाली-वर सरकतं, म्हणून किरणं सोडताना श्वास धरून ठेवायचा असतो. स्पीकरमधून रेश्मा सांगायची, “श्वास घ्या… सोडा… आता धरा.” यंत्र घरघरत माझ्याभोवती फिरायचं. दुखत काहीच नाही. चटकाही लागत नाही. पण मनात एकच यायचं, मी हलले तर? शेजारीच जठर आहे, आतडं आहे, मॅडमनीच चित्रात दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी श्वास धरलेला असताना मला खोकला आला. दाबायचा प्रयत्न केला, आणखी जोरात आला. घरघर बंद पडली. माझे हात डोक्यावर बांधल्यासारखे धरलेले. मला वाटलं, वाट लागली, किरणं भलतीकडे गेली.

“ताई, घाबरू नका,” स्पीकरमधून आवाज आला. “श्वास सुटला की मशीन आपोआप थांबतं. काही झालेलं नाही. पाणी पिणार का?”

ती दार उघडून आत आली, पेला धरला, माझ्या कपाळावरचा घाम तिच्याच रुमालाने पुसला. तिला ते करायची गरज नव्हती.

पाच दिवस संपल्यावर थकवा असा आला की कात्री उचलवेना. आठ दिवस दुकान बंद ठेवलं. दिनेश भात मऊ शिजवायला शिकले. जेवताना ते माझे घास मोजायचे आणि मी चिडायचे. एकदा मी ताट सरकवून दिलं. त्यांनी ते निमूटपणे उचललं, धुतलं आणि परत नवीन वाढून आणलं. त्या दिवशी मी सगळं जेवले.

चार दिवस

आता मला जे लिहायला जड जातंय ते.

तिसऱ्या सलाईननंतर दोन आठवडे झाले असतील. एका सकाळी पोट बिघडलं. तीन वेळा जावं लागलं. मी म्हटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. खरं तर मी बाहेरचं काहीच खात नव्हते. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. तिसऱ्या दिवशी सात वेळा, आणि पोटात पिळा.

मला सगळं माहीत होतं. फ्रिजवरचा नंबर दिवसातून दहा वेळा डोळ्यांसमोर येत होता. पण सलाईन लावतात त्या डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या काकांचं औषध असल्याच जुलाबांमुळे बंद झालं होतं. मला भीती होती की मी सांगितलं की माझंही बंद करतील. गाठीला कळेल की पहारा उठला. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं: औषध बंद म्हणजे मी बंद.

म्हणून मी लपवलं. मृणाल ऑफिसला आणि दिनेश कामावर गेल्यावरच बाथरूममध्ये जायचं, ती दोघं घरात असतील तेव्हा ओठ आवळून बसायचं. नळ सोडून ठेवायचा. ओआरएसची पाकिटं केमिस्टकडून आणून दुकानातल्या अस्तरांच्या गठ्ठ्यामागे ठेवली. संध्याकाळी मृणालने विचारलं, “मम्मी, चेहरा का असा झालाय?” मी म्हटलं, “ऊन.”

चौथ्या दिवशी दुपारी बाथरूममधून बाहेर येताना डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी दारातच बसले. उठता येईना. मोबाइल आतल्या खोलीत. किती वेळ गेला माहीत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं, समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती भाभी ढोकळा द्यायला आल्या म्हणून मी सापडले. त्यांनी दिनेशना फोन लावला आणि ते येईपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

हॉस्पिटलात मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “कधीपासून?”

“आजच,” मी म्हटलं.

मृणालने गठ्ठ्यामागची पाकिटं शोधली होती. रिकामी पाकिटं तिने टेबलावर ठेवली. “मम्मी, मी रोज विचारत होते. रोज.”

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. “पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. आता आतड्यांना बरीच सूज आहे. स्टिरॉइडचं सलाईन लावतेय. चार-पाच दिवसांत उतार पडला नाही तर अवघड आहे.”

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी ही औषधं घेत असेल, तर हात जोडून सांगते. मी केलं ते करू नका. औषध काही दिवस थांबवणं म्हणजे हरणं नव्हे. मी औषध वाचवायला गेले आणि जीव घालवून बसले असते.

आई

दोन दिवस उतार नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या दारात आई दिसली. हातात काठी, मागे संतोष मान खाली घालून. मृणालने त्याला फोनवर चांगलंच सुनावलं होतं, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या आईने सगळं ऐकलं होतं. म्हटलं ना, तिचे कान तिखट आहेत.

ती खुर्चीत बसली. माझा सुई टोचलेला हात बघत राहिली. मग म्हणाली, “कावीळ म्हणे. कावीळ काय माका म्हायत नाय?”

“माज्यामुळा झाला काय गो तुका ह्या?”

या प्रश्नाला आम्ही सगळे तीन महिने घाबरत होतो. मी म्हटलं, “आई, तुला तरी कुठे माहीत होतं? तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुला कुणाकडून आलं ते तुला माहीत आहे का?”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदराने पुसलं, परत आलं, परत पुसलं. संतोष म्हणाला, “आई, म्हणूनच तुला सांगत नव्हतो.”

ती गर्रकन त्याच्याकडे वळली. “म्हणान तू रगात तपासूक नाय? माजा नाव घेऊन भियाक लाज नाय वाटत तुका? ऊठ! आधी माजा रगात काढा, मगे ह्येचा. आत्ताच!”

वॉर्डमधल्या सगळ्या माना वळल्या. नर्स हसत होती. पंचेचाळीस वर्षांचा माझा भाऊ आईचा हात धरून तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेला.

त्याच संध्याकाळी माझा पिळा पहिल्यांदा कमी झाला. आईमुळे झाला असं म्हणत नाही, स्टिरॉइडमुळेच झाला. पण दोन्ही एकाच दिवशी झालं, एवढं खरं.

दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. संतोषच्या लिव्हरवर गाठ नव्हती, पण सूज होती. त्याला आता माझ्यासारखीच विषाणू दाबून ठेवणारी रोज एक गोळी आहे, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. त्याची दोन्ही मुलं निगेटिव्ह आहेत. आईला मॅडमनी तपासून सांगितलं की या वयात नुसतं लक्ष ठेवू. आई म्हणाली, “ठेवा, ठेवा.”

स्कॅन

इम्युनोथेरपी माझ्यासाठी कायमची बंद झाली. मॅडम म्हणाल्या, पुन्हा दिली तर आतडी सहन करणार नाहीत. तीन सलाईन आणि पाच दिवसांची किरणं, एवढ्यावर जे होईल ते होईल. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं.

स्टिरॉइड हळूहळू कमी करत दोन महिने गेले. चेहरा फुगला, साखर वाढली, मनाची चिडचिड झाली. मग स्कॅन. रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं परत त्याच खुर्च्यांवर बसलो. मॅडम स्क्रीनवर चित्रं खाली-वर सरकवत होत्या. मी त्यांच्या भुवया बघत होते. दिनेशचा गुडघा हलायला लागला. मी त्यावर हात ठेवला.

“गाठ अर्ध्याहून लहान झालीय,” त्या म्हणाल्या. “आणि जी उरलीय तिच्यात रक्त जाताना दिसत नाही. रक्तवाहिनीतला फाटाही सुकलाय.”

“म्हणजे बरी झाली?” मृणालने विचारलं.

“तो शब्द मी आज वापरणार नाही. आज जिवंत गाठ दिसत नाही, एवढं सांगते. तीन महिन्यांनी परत बघू. मग परत.”

“पण औषध तर थांबलं,” मी म्हटलं.

“हो. कुणाकुणात ते थांबल्यावरही पहारेकरी काम करत राहतात. तुमचे किती दिवस करतील ते मला माहीत नाही.”

त्यानंतर दोन स्कॅन झाले आहेत. दोन्ही तसेच. तिसरं पुढच्या आठवड्यात आहे. स्कॅनच्या आधीचे आठ दिवस मी कुणाशी धड बोलत नाही आणि रोज एकदा तरी बरगडीखाली बोटं दाबून बघते. हे जाईल असं वाटत नाही. मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलंय.

पण पहिल्या स्कॅनच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. बाहेर आलो तेव्हा दुपार टळून गेली होती. दिनेश पार्किंगमधल्या खांबाला टेकून उभे होते, तोंड दुसरीकडे करून. मृणाल रडत होती. मीही रडणारच होते, तेवढ्यात मृणालने आईला फोन लावून माझ्या कानाशी धरला.

मी एका दमात सगळं सांगितलं. गाठ लहान झाली, जिवंत दिसत नाही, पण बरी झाले असं म्हणता येत नाही, तीन महिन्यांनी परत.

“आई? ऐकतेस ना?”

“आयकतंय. जेवलंस काय गो?”

“नाही अजून.”

“मगे आधी जेव,” आई म्हणाली. “रडाचा ता मगे बघू.”